टबातली बाई आणि रियाधचं कस्टम

एका दिवाळीच्या सुट्टीत पुण्यातल्या रद्दीवाल्याकडे मला बांधकामाच्या मासिकांचा जाडजूड गठ्ठा मिळाला. मुंबई इलाख्यातून निघणारं, पहिल्या महायुद्धाच्या आधीचं इंग्रजी मासिक. वर्षभराचे अंक एकत्र शिवलेले. रियाधमध्ये मी इमारतींच्या खर्चाचे अंदाज काढायचो. दिवसभर सिमेंट आणि सळ्या मोजणाऱ्या माणसाला त्यातला पत्रव्यवहार म्हणजे मेजवानीच. चुन्यात गूळ घालावा की बेलफळाचा गर, यावर दोन ठेकेदार अंकामागून अंक एकमेकांना शालजोडीतले हाणत होते. एकाच्या मते दुसऱ्याच्या भिंती फक्त मुंग्यांच्या सोयीसाठी होत्या.

"रियाधला सिमेंट कमी पडलंय, म्हणून हे वजन न्यायचं?" बायको म्हणाली. त्या वजनात तिला कुळथाचं पीठ न्यायचं होतं. शेवटी पीठ राहिलं, गठ्ठा बॅगेत गेला. त्याखाली सासूबाईंनी दिलेला अनारशांचा डबा होता.

रियाधला उतरल्यावर बॅग कस्टमच्या टेबलावर चढली आणि बायकोनं माझी बाही ओढली.

"अहो, अनारशांना खसखस लावलेली असते."

सौदीत खसखशीला बंदी, तीही अफूच्या खात्यात. इतकी वर्षं तिथं राहून दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"हे आत्ता सांगतेस?"

"आत्ताच आठवलं ना!"

अधिकारी तरुण होता. त्यानं बॅग उघडली, वरचा गठ्ठा उचलला आणि पानं उलटायला लागला. मंगलोरी कौलं, वाफेवरचा रोडरोलर, बिडाचे खांब. मग पानभर जाहिरात आली. सिंहाच्या पायांचा न्हाणीचा टब, आणि त्यात खांद्यापर्यंत फेसात बसलेली गोरी बाई.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हे काय?"

"प्लंबिंग," मी म्हणालो.

त्यानं खिशातून काळा मार्कर काढला. परदेशी मासिकांतल्या बायकांचे उघडे हात-खांदे तेव्हा असेच काळे व्हायचे, त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण हा गृहस्थ फार मन लावून काम करत होता. खांदे झाले, मान झाली, अंबाडाही गेला. नळाला मात्र त्यानं मार्कर लागू दिला नाही.

"बाबा, अंकल कलरिंग क्यूं कर रहे हैं?" आमच्या पहिलीतल्या लेकीनं शाळेतल्या हिंदीत खणखणीत विचारलं.

त्याला हिंदी कळत होती. कान लाल झाले, मग तो हसलाच. "टीचर को मत बोलना," त्यानं तिला बजावलं. मग आवाज उतरवून मला विचारलं, "हा टब कुठे मिळेल? गावी, बुरैदाला घर बांधतोय."

"फार जुनी जाहिरात आहे ही."

"पत्ता छापलाय की!"

"दुकान खलास."

त्याला मनापासून वाईट वाटलं. त्यानं शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावलं. सिंहाचे पाय बिडाचे की पितळेचे, यावर दोघांची जुंपली. माझं मत विचारलं गेलं. "बिडाचे," मी ठणकावून सांगितलं, मला काडीची माहिती नसताना. आमचा अधिकारी खूश झाला, गठ्ठा बॅगेत ठेवला, बॅगेवर खडूची रेघ ओढली. "यल्ला!" म्हणजे चला, निघा.

टॅक्सीत बसेपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. डबा घरी ठेवायची हिंमत नव्हती, आणि आईचे अनारसे फेकायला बायको तयार नव्हती. तिनं झाकण उघडलं. आम्ही तिघं खात सुटलो. शिष्टाचार म्हणून पाकिस्तानी ड्रायव्हरलाही एक दिला.

त्यानं चावा घेतला. आरशातून मागे पाहिलं.

"बाजी, इस में तो खशखाश है।"

बायकोचा काळा अबाया पांढऱ्या दाण्यांनी भरला होता. नाही म्हणायची सोयच नव्हती. ड्रायव्हरनं एक हात स्टिअरिंगवर ठेवला, दुसरा मागे केला.

"एक और दीजिए। बरसों हो गए।"