ओढ्याला पाणी किती?

तात्यामामाला शेवटचं भेटलो तेव्हा तो खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. चाहूल लागताच मान वळवून त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, "ओढ्याला पाणी किती हाय रं?"

"घोट्याएवढं," मी म्हटलं.

नुसत्या उत्तरावर त्याचा भरवसा नव्हताच... त्यानं माझ्या पायांकडं बघितलं. पाय ओले होते. मग त्यानं डोळे मिटले. चौथ्या दिवशी सकाळी मी दुकानात सायकलचं पंक्चर काढत असताना शिवराम आला, म्हणाला, "तात्या गेलं." हातातली ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात तशीच बुडबुडे सोडत राहिली.

सातारा-सांगलीच्या शिवेवरच्या आमच्या गावात निवडणूक आली की एक मंडळ बसायचं. चार वस्त्यांची चार माणसं, आणि म्होरक्या माझा हा सख्खा मामा. पक्ष कुठलाही असो, उमेदवारानं तालमीत येऊन सगळ्यांदेखत उत्तरं द्यायची. मग मामा फळ्यावर एक नाव लिहायचा, खाली कारण, आणि गाव बहुतेक त्याच नावाला मत द्यायचं. पण खरी मेख पुढंच होती. ज्याला नाकारलं त्याचंही कारण फळ्यावर यायचं आणि ते त्यानं स्वतः उभं राहून मोठ्यानं वाचायचं. "पाठीमागं बोलायचं न्हाई, तोंडावर लिवायचं," असा मामाचा खाक्या. दुसऱ्यांना वाचताना बघून मी पोट धरून हसलेलो आहे.

सात वर्षांपूर्वी मी पंचायत समितीला उभा राहिलो. समोर शिवराम. त्याचं आणि मामाचं बांधावरून वाकडं, पाच वर्षं बोलणं नाही. म्हणजे माझं नाव फळ्यावर आल्यातच जमा! कऱ्हाडला जाऊन मी टोपी घालून फोटो काढला, त्यात मी मंत्र्यापेक्षा बँडवाल्यासारखा जास्त दिसतो. मामीनं औंधच्या यमाईला साडी कबूल केली. मामानं मात्र बजावलं, "इलेक्शन होईस्तवर माझ्यात जेवाय येऊ नगंस." मला वाटलं, लोकांना दाखवायला म्हणत असेल.

त्या दिवशी तालीम खच्चून भरली होती. शिवरामची उत्तरं झाली. मग मी बाकड्यावर बसलो. पाणी, रस्ता, शाळा, सगळ्यावर फडाफडा बोललो. मामानं खडूशी चाळा करत विचारलं, "पल्याडच्या वस्तीवर कवा गेलतास?"

पल्याडची म्हणजे ओढ्यापलीकडची बौद्धवस्ती. मी वर्षभरात तिकडं फिरकलो नव्हतो.

"परवाच की!"

"काय म्हनली मानसं?"

"आडाचं पाणी आटलंय म्हनली." हे मी दुकानात ऐकलं होतं.

वस्तीतर्फे मंडळात बाबूराव होते, फौजेतून पेन्शनवर आलेले, कमी बोलणारे. ते शांतपणे म्हणाले, "कंच्या वाटंनं आला?"

"कंच्या म्हंजे? साकवावरनं."

कुणीतरी खोकलं. बाबूराव माझ्याकडं नव्हे, मामाकडं बघत होते. "तात्या, लाकडी साकव गेल्या पावसात व्हाऊन गेला. आमी ओढ्यातनं येतोय."

मामाच्या हातातला खडू मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी मनात म्हणत होतो, मामा, काहीतरी बोल, हसण्यावारी ने... मामा उठला. पाठ फिरवून त्यानं सावकाश शिवरामचं नाव लिहिलं. खाली: 'भर पावसात ओढ्यातनं डॉक्टर पलीकडं नेला.' मग माझं नाव, आणि खाली: 'गेला नाही. गेलो म्हणाला.'

"वाच," मामा म्हणाला.

मी वाचलं. चारच शब्द.

तरी हट्टानं मी अर्ज मागं घेतला नाही. मतं किती पडली ते विचारू नका; घरची धरली तरी हिशेब जुळत नाही. मामी अजून शपथेवर सांगते की तिनं मलाच दिलं. त्या दिवशी मामा जेवला नव्हता, हेही तिनंच पुढं सांगितलं. पण मी वर्षभर त्याच्या दारात गेलो नाही.

शिवरामनं आड खोल करून घेतला, साकव मात्र अजून कागदावरच. एका दुपारी काय झालं कुणास ठाऊक, मी चपला हातात घेऊन ओढ्यात उतरलो. बाबूरावांच्या अंगणात पोचलो तर ते म्हणाले, "आवं, या. आज कंच्या वाटंनं?" आणि आम्ही दोघंही हसलो. तिथं चहा घेऊन, तसाच ओल्या पायानं मामाकडं गेलो. त्यानं पायांकडं बघितलं. "ओढ्याला पाणी किती हाय रं?" एवढंच विचारलं, आणि आत बघून ओरडला, "आगं, ताट वाढ गड्याला."

तेव्हापासून दर आठवड्याला वस्तीवरून मामाकडं, हा माझा शिरस्ता झाला.

मामाचं दिवसकार्य उरकलं. त्याच्या जागी मंडळात मी बसावं, असं चाललंय. मी नको म्हणालो, तर बाबूराव म्हणतात, "बसा हो. एकदा आपटलेला गडी बरा, फळा वाचून तरी माहीत हाय."

काल वस्तीवरून येताना पाणी चढलं होतं. मामीनं खोलीच्या दारात पाय पुसायला पोतं टाकलंय, त्याला मी वळसा घातला. खाटेवर मामाची वाकळ घडी करून ठेवलेली. तिच्यासमोर ओले पाय घेऊन जरा वेळ उभा राहिलो...

"गुडघ्याएवढं," मी म्हटलं.