मधुरा चालत गेली होती

मधुराच्या नवऱ्याचा, कौस्तुभचा फोन आला तेव्हा मी इथं सिंगापुरात सेरंगूनच्या मॉलमध्ये बाळासाठी झबली बघत होते. "नीलाताई, मधुरा गेली," एवढंच म्हणाला. मला वाटलं, हॉस्पिटलमधून घरी गेली. "अगं बाई, इतक्यात सोडलं?" असं विचारलंही मी... तो पुन्हा म्हणाला, "गेली, ताई," तेव्हा कळलं.

मधुरा आमच्याच इमारतीत राहायची. पुण्याची पोर, क्वीन्सटाउनला आयटीत नोकरी, आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट, म्हणून तर आमचं जमलं. तिची पहिली मुलगी इरा इथंच झाली. दिवसभर कळा काढल्या, मग बाळाचे ठोके मंदावले आणि धावपळीत सिझर करावं लागलं. पोर ठणठणीत होती. पण बाळंतपणाला पुण्याहून आलेल्या सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "आमच्याकडे सगळ्यांची नॉर्मल हो, हिलाच जमलं नाही." जमलं नाही म्हणे! चकली बिघडली होती का? पोट फाडून घेतलेली बाई आत पडून हे सगळं ऐकत होती.

दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रस्ते नीट समजावून सांगितले. कळांची वाट बघता येईल, बऱ्याच जणींचं सुखरूप होतं, पण जुना टाका उसवण्याचा थोडा धोका असतो. ऑपरेशन ठरवून करता येईल, पण त्यातही रक्तस्राव, गुठळी, असे धोके आहेतच. कौस्तुभनं मध्येच तोंड घातलं, "डॉक्टर, वुई प्रिफर नॉर्मल." बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मी तिला विचारतेय," म्हणाल्या. हे मला सांगताना मधुरा किती हसली होती! मग महिनाभर पुण्याहून सासूबाईंचे व्हिडिओ कॉल. चाल, जिने चढ, तूप खा, मन घट्ट कर. मी म्हटलं, "काय ठरवलंस गं?" ती म्हणाली, "ताई, मागच्या वेळी मला ढकलत नेलं. कुणी काही विचारलं नाही, वेळच नव्हता. या वेळी मी माझ्या पायांनी ऑपरेशनला जाणार." आणि गेली. मी सोबत होते. दारापाशी वळून म्हणाली, "कौस्तुभला सांभाळ, तोच पडेल."

मुलगा झाला. कौस्तुभनं पुण्याच्या ग्रुपवर टाकलं, "मुलगा! सगळं नॉर्मल." त्याला म्हणायचं होतं, दोघं सुखरूप आहेत. पण आपल्याकडे बाळंतपणात या शब्दाचा एकच अर्थ होतो. तिकडे पेढे वाटले. 'सिझरनंतरही नॉर्मल करून दाखवलं!' म्हणून कौतुकाचा पूर आला. मधुरा पलंगावर ते वाचत होती. "कौस्तुभ, खरं सांग त्यांना," म्हणाली. तो म्हणाला, "आई इतकी खूश आहे गं, सांगतो सावकाश." ती भिंतीकडे तोंड करून झोपली. वळताना दिसलेला तिचा चेहरा मला विसरता येत नाही.

त्यानंतर दोनच दिवसांत फुप्फुसात गुठळी अडकली. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं. सावकाश सांगायला वेळ मिळाला नाही.

सासूबाई पुण्याहून आल्या, तेराव्यापर्यंत इथं राहिल्या. भेटायला येणाऱ्यांना पदर डोळ्यांना लावून म्हणायच्या, "नॉर्मल झालं होतं हो, तरी गेली." रडणं खरं होतं, मी नाही म्हणत नाही. पण कौस्तुभ शेजारी मान खाली घालून बसायचा. ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मधुरानं आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय डोळे उघडे ठेवून घेतला, आणि तिच्याच घरच्यांनी तो लपवून ठेवला!

परवा त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघरात फ्रिजवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता. ऑपरेशनची तारीख माहीत होती, म्हणून मधुरानं आधीच स्वतःच्या बाळंतपणाचे लाडू स्वतः वळून ठेवले होते. आपल्यावर कुणाचे उपकार नकोत, ही तिची सवयच. कौस्तुभ म्हणाला, "आई टाकून दे म्हणते. मला टाकवत नाही." मग म्हणाला, "ताई, तुम्ही मधुरावर पेपरात लिहिताय असं कळलं. ऑपरेशनचं तेवढं गाळता येईल का? पेपरची पुरवणी आई वाचते."

"माहितीय," मी म्हटलं. "म्हणूनच लिहितेय."

डबा उघडला आणि एक लाडू त्याच्या हातावर ठेवला. तो तसाच हातात धरून उभा राहिला... "खा," मी म्हटलं, "तिनं केलेत."