तिसऱ्या रिंगला उचललेला फोन

भानामतीच्या बातम्यांवर मी बरीच वर्षं काम केलं. कपडे पेटले, घरावर खडे पडले असं कळलं की त्या गावात जायचं आणि खडे टाकणारा हात शोधायचा... तो बहुतेक वेळा सापडायचाच. शिवाय आमचं घर बावीस प्रतिज्ञा घेतलेलं. त्यामुळे जे घडलं तेवढंच लिहितो, अर्थ लावत नाही.

१९९४चा जानेवारी, औरंगाबादच्या विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं तो आठवडा. मी परभणीत वार्ताहर होतो. दाजी — माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान — येलदरीच्या वीज केंद्रात इंजिनिअर, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचे. आम्हा दोघांच्याही घरी कम्प्युटर होता. लोकांना त्याचं हसू यायचं. टेलिफोनला मॉडेम नावाचा डबा जोडला की परभणीत बसून येलदरीचा कम्प्युटर चालवता यायचा. जुळणी दाजींची, आणि नियमही त्यांचाच. मी फोन लावायचो. ते तिसऱ्या रिंगला उचलायचे. "पहिल्याच रिंगला उचलला तर लोक म्हणतील, साहेबाला काम न्हाई!" मग घरच्यांची, तब्येतीची चौकशी. शेवटी मी म्हणायचो, "दाजी, ठेवा आता." ते ठेवायचे. मी पुन्हा लावायचो. या वेळी ते हात लावत नसत, पाचव्या रिंगला मशीन उचलायचं आणि पासवर्ड विचारायचं.

"आधी माणसाशी बोलावं, मग मशीनशी," ते म्हणायचे.

आदल्याच महिन्यात, डिसेंबरात दाजी हृदयविकाराने गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम परभणीत झाला आणि अक्का व भाची सुजाता माझ्याकडेच थांबल्या. सुजाताच्या पीएच.डी.च्या प्रबंधाचं टायपिंग दाजीच करायचे. शेवटचं प्रकरण त्यांनी पुरं केलं होतं, पण ते येलदरीच्या कम्प्युटरमध्ये, हस्तलिखितही तिथंच. सोमवारी प्रबंध दिला नाही तर तिची नोंदणी संपणार होती. औरंगाबादची रेल्वे चालू होती. येलदरीकडे मात्र एसटी बंद, नामांतराच्या विरोधकांनी रस्त्यावर झाडं तोडून टाकलेली.

"तिथलं मशीन चालू आहे का?" मी अक्काला विचारलं.

"हाय की. ते चालूच ठेवून गेले. मी कशाला बंद करू?"

कॉलनी धरणाच्या पायथ्याशी. वीज जायचा प्रश्न नव्हता.

शनिवारी सकाळी दहाला पहिला प्रयत्न केला. तिसऱ्या रिंगला पलीकडे रिसीव्हर उचलला गेला. मशीनच्या शिट्टीऐवजी शांतता... आणि जोडणी तुटली. पासवर्डपर्यंत पोचलोच नाही. केबल बदलली, वेग कमी केला, मॉडेम बंद करून चालू केला. अकरा वेळा लावला. अकराही वेळा तिसऱ्या रिंगला उचलला गेला. शेजारच्या क्वार्टरमध्ये फोन करून कुलूप बघायला सांगितलं.

"कुलूप हाय, साहेब. खिडक्या बी बंद. मघापासून आत फोन वाजायलाय. तीनदा वाजतो अन् गप होतो."

मग मॉडेम काढला आणि साध्या फोनवरून लावला. उचलला गेला. "हॅलो?" उत्तर नाही. पण लाइन मेलेली नव्हती. बंद खोलीत पंखा फिरावा तसा आवाज येत होता, बहुधा कम्प्युटरचाच.

"मामा, राहू द्या," सुजाता म्हणाली. "बाबांनी एवढं केलं, माझ्याच नशिबात न्हाई."

अक्का इतका वेळ मेथी निवडत होती. ती उठली. "तुमी दोघं सकाळधरनं नुसतं मशीनशी बोलायलात. आण इकडं."

रिसीव्हर हातात घेऊन तिने पदर सारखा केला. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नव्हतं. आताही घेतलं नाही.

"अहो, मी हाय. माझी तब्येत बरी हाय... गुडघा तेवढा लय दुखतोय. पोरगी सकाळधरनं जेवली न्हाई. रस्ता बंद हाय, आमाला येता येईना. तुमी तिचं टाइप केलेलं तेवढं पायजे." तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "ठेवा आता."

मग तिने रिसीव्हर माझ्या कानाला लावला. पलीकडून फोन ठेवला की येतो तो टोन येत होता.

मॉडेम जोडून पुन्हा लावला. तिसरी रिंग गेली. चौथी गेली. पाचव्या रिंगला शिट्टी आली. पासवर्ड पहिल्याच झटक्यात घेतला. प्रकरण उतरायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात सुजाता जेवली. सोमवारी प्रबंध विद्यापीठात पोचला.

रस्ता सुटल्यावर मी अक्काबरोबर येलदरीला गेलो. कुलूप जागेवर होतं. डिसेंबरात तिथून निघताना अक्काने फोनवर धूळ बसू नये म्हणून दाजींचा मफलर गुंडाळून वर दुहेरी गाठ मारली होती. गाठ तशीच होती. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या माणसाला विचारलं.

"लाइनीत पाणी शिरलं की उचलल्यासारखं होतंय कधी कधी."

"आणि सांगितल्यावर ठेवल्यासारखं?"

तो हसला. मग हसायचा थांबला.

ही बातमी मी कधी दिली नाही. सांगितल्यावर फोन ठेवला गेल्याचे साक्षीदार तीन, तिघंही घरचे. खडे टाकणारा हात मी बऱ्याच गावांत शोधून काढला. रिसीव्हर उचलणारा मला अजून सापडलेला नाही.

त्या दिवशी अक्काने गाठ सोडली, मफलरची घडी घालून पिशवीत ठेवली आणि कम्प्युटरकडे बघत म्हणाली, "कर आता बंद. बोलणं झालंय."