अध्यक्ष दिसेनासे झाल्याचा पंचनामा

“फोल्डर उघडा,” आबा म्हणाले.

सुरेखाताईंनी क्लिक केलं. फोल्डर उघडला आणि स्क्रीनवरचे आबा गेले. फेट्यासकट. मागे नुसता हिरवा रंग.

“बगितलं का, मॅडम? लई डाव गायब केलं हिनं मला.”

आबा म्हणजे मोहोळजवळच्या एका दूध संस्थेचे अध्यक्ष. तिथल्या प्रत्येक कंप्युटरवर वॉलपेपर त्यांचाच. सुरेखाताई क्लार्क, त्यांचे दीर विरोधी पॅनेलमधून उभे. निवडणूक तोंडावर. आबांनी दोन संचालकांसमोर रीतसर पंचनामा केला होता: ‘फोल्डर उघडला असता अध्यक्ष दिसेनासे झाले. बंद केला तरी परत आले नाहीत.’ त्यावरून ताईंना नोटीस. नोकरीच जायची वेळ. गुन्हा सिद्ध करायला सोलापूरहून मला बोलावलेलं.

पंचनामा वाचला आणि गुन्हेगार कळला: मीच. इथले कंप्युटर मीच लावून दिले होते.

त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. त्यात डेस्कटॉप, म्हणजे मेनू, आयकॉन, मागचा फोटो हा सगळा पसारा, अनेक प्रकारचे मिळतात. एकावर दुसऱ्याचे प्रोग्रॅमही चालतात. इथली मशिनं जुनी, म्हणून मी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकला होता. ताईंना मात्र सवयीचा, ‘माते’ डेस्कटॉपचा फाइल मॅनेजर हवा होता. तोही टाकून दिला. आता, मातेमध्ये मागचा फोटो लावायचं कामही त्या फाइल मॅनेजरकडेच असतं. परक्या डेस्कटॉपवरही तो ते सोडत नाही, आपलं हिरवं चित्र वर चढवतो. विंडो बंद केली तरी आत चालूच राहतो.

“आबा, चूक माझी आहे. तुम्ही खाली आहात तसेच आहात. वर दुसरं चित्र आलंय.”

“म्हंजे मला झाकलंय? कुणी?”

“फाइल मॅनेजरनं.”

“म्यानेजर? त्यो तर आपल्या पॅनेलचा हाय की!”

कोपऱ्यात बसलेले संस्थेचे मॅनेजर ताडकन उठले. “आबा, आईशप्पत, मी न्हाय!”

त्यांना खाली बसवण्यातच दहा मिनिटं गेली. मग मी तो प्रोग्रॅम पूर्ण बंद केला आणि सुरू करायच्या कमांडला ‘नो-डेस्कटॉप’, म्हणजे मागच्या फोटोला हात लावू नको, एवढं जोडलं. ताईंनी फोल्डर उघडला. आबा जागेवर. लगेच दुसरा पंचनामा झाला: ‘अध्यक्ष हलले नाहीत.’ नोटीस मागे घेतली.

ताई मला गेटपर्यंत सोडायला आल्या. “मॅडम, खरं सांगू का? ते हिरवं बरं दिसत होतं.”

निवडणुकीत आबा पडले. त्यात कंप्युटरचा हात नव्हता. पण एका डेस्कटॉपवर दुसऱ्याचा प्रोग्रॅम टाकला, की आता तो मी स्वतः एकदा उघडून बघते. दोन मिनिटांचं काम आहे.