सोन्या या नावाचा अर्थ

आमचा फ्लॅट सिंगापूरच्या क्वीन्सटाउन भागातल्या एका जुन्या ब्लॉकमध्ये, लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला. रोज सकाळी स्कूल बसच्या वेळेला मी पुढे लिफ्टपाशी जाऊन ओरडायचे, "सोन्या, चल लवकर!" आणि नेमकं तेव्हाच शेजारणीचं दार किलकिलं व्हायचं. ती रशियन, एकटी राहणारी, हार्बरफ्रंटला जहाज कंपनीत नोकरीला. फटीतून बघत राहायची. माझ्या आवाजाचा तिला त्रास होतो, अशी माझी खात्री. मी पुण्याची, कुणी नाक मुरडलं की मला गप्प बसवत नाही.

एकदा सरळ विचारलंच, "काही प्रॉब्लेम आहे का?"

ती म्हणाली, "तुमच्या मुलीचं नाव सोन्या आहे?"

"छे, नाव वेगळंच आहे. हे लाडानं. आमच्या भाषेत सोनं म्हणजे गोल्ड." मुलगा असो, मुलगी असो, सगळ्यांना चालतं, हेही मी कौतुकानं सांगितलं.

"आमच्याकडे हे नावच आहे. सोफियाचं लाडकं रूप. मूळ ग्रीक, अर्थ शहाणपण. पण झोपाळू माणसालाही आम्ही सोन्याच म्हणतो. माझी मुलगी दोन्ही होती. एका सकाळी उठलीच नाही. तिकडे रशियात, आजीजवळ होती. मी इथे ऑफिसात." मी वय विचारलं नाही, तिनंच सांगितलं, सात. माझीही सातचीच.

त्या दिवसापासून मी हाक बदलली. चिमणे, राणी, ठमे, काय वाट्टेल ते. पोर वैतागली. "ममा, व्हाय यू डोन्ट कॉल मी सोन्या ऑलरेडी? यू अँग्री आह?" शेजारणीला उगाच यातना नकोत, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "किती विचार करतेस गं लोकांचा!" ते मला गोडही लागलं. खरं म्हणजे मी घाबरले होते. तो शब्द ओठांवर आला की मला न उठलेलं पोर दिसायचं. लेकीनं सकाळी पटकन डोळे उघडले नाहीत तर मी तिला गदागदा हलवायचे. मी शिकलेली, पाया लेबारच्या ऑफिसात ऑडिट करणारी बाई, आणि एका शब्दाला भीत होते. लिहितानाही लाज वाटते.

आठवड्यानं शेजारीण आमच्या दारात आली. "मुलगी आजारी आहे का? हाक ऐकू येत नाही."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बंद केली."

"ते नाव मोठ्यानं घेणारं आता कुणी उरलं नाही. मी त्यासाठीच दार उघडायचे. प्लीज, पुन्हा मारा ना हाक."

मी हो म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिचं दार आधीच सताड उघडं होतं. ती उंबऱ्यात उभी. लेक आमच्या घरात वही शोधत रेंगाळलेली. मी लिफ्टपाशी गेले, तोंड उघडलं. पुन्हा उघडलं. मग परत घरी गेले, लेकीचा दंड धरला आणि मान खाली घालून तिला त्या दारासमोरून ओढत घेऊन गेले.