आडनावासकट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडले की माणूस मनातलं सगळं बोलतं म्हणतात — मी तिथंही ही एक गोष्ट वगळून पुढं जायची. आता तुम्हाला सांगायला बसले आहे, तर पहिला विचार काय आला सांगू? तुम्ही हे कुणाला जाऊन सांगाल?

बघा. माझा स्वभावच असा. दुधात पाणी आहे का, भाजीवालीनं काट्यावर बोट ठेवलं का, रस्त्यात दोन बायका हसल्या तर माझ्या पदराला काही झालंय का — सगळं आधी संशयानं बघायचं. वय झालं म्हणून असं झालंय असं नाही. विसाव्या वर्षीही मी अशीच होते.

गोष्ट तेव्हाचीच आहे. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. साताऱ्यात डी.एड.ला होतो आम्ही तिघी. मी आष्ट्याची, कमळ म्हसवडची, पुष्पा फलटणची. मोती चौकाच्या मागच्या बोळात एका शिंप्याच्या माडीवर खोली घेतलेली. खाली दिवसभर मशीन चालायचं आणि वर आमच्या पाठांच्या तयारीचे तक्ते पसरलेले असायचे. कमळ उंच, सावळी, आणि हसायला लागली की खालचं मशीन थांबायचं. पुष्पा नुसती बोलायची. तिच्या पोटात काही राहायचं नाही, हे आम्ही तिच्या तोंडावर म्हणायचो आणि तीही हसून कबूल करायची. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मी त्याचा फायदा घेतला.

कमळचा थोरला भाऊ पलटणीत होता. शिवादादा. त्यानं तिला ट्रान्झिस्टर आणून दिला होता, बातम्या ऐक, मास्तरीण होणार आहेस म्हणून. बातम्या आम्ही ऐकल्या असतील दोन-चार वेळा. खरं ऐकायचो ते शुक्रवारचं. संध्याकाळी बातम्या संपल्या की एक मालिका लागायची — शहरातली चार तरुण माणसं, दोन मुलं, दोन मुली, एकाच इमारतीत शेजारशेजारच्या खोल्यांत राहणारी. कुणी ना कुणी दर आठवड्याला प्रेमात पडायचं. चिठ्ठी भलत्याच्याच हातात जायची, गैरसमज व्हायचा, रुसवा व्हायचा, आणि शेवटी चौघं जिन्यात बसून चहा प्यायची. आम्ही तिला 'जिना'च म्हणायचो. आज जिना आहे ना? असं.

त्यात एवढं काय होतं? मी तेव्हाही स्वतःला विचारायची. विनोद तर आज आठवले तरी हसू येत नाही. पण मुलगा-मुलगी एका पायरीवर बसतात, आणि वरून कुणाचा बाप येत नाही, खालून कुणाचा भाऊ येत नाही — हे ऐकताना आमच्या तिघींच्याही अंगावर काहीतरी यायचं. पुष्पा उशी कवटाळून बसायची. कमळ म्हणायची, "लय भारी गं, असं राहायला पायजे." आणि मी म्हणायची, खोटं आहे सगळं. शहरात तरी असं असतं का? मुद्दाम ऐकवतात, आपल्यासारख्यांना नादी लावायला. म्हणायची हे — आणि शुक्रवारी सहापासून घड्याळ बघायची.

त्या मालिकेत एक घरमालकीण होती, गोदाकाकू. भिंतीला कान लावणारी. कोण कुणाकडं गेलं, चहात किती साखर पडली, सगळं तिला हवं असायचं. एके दिवशी कमळ कुठून तरी उशिरा आली आणि मी विचारलं, कुठं होतीस, कोण होतं बरोबर? ती पुष्पाकडं बघून म्हणाली, "आल्या गोदाकाकू!" दोघी लोळून लोळून हसल्या. मीही हसले. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीतरी मला गोदाकाकू म्हणालं. म्हणजे वर्गात सांगितलं होतं. कुणी सांगितलं? पुष्पानं? का कमळनं? महिनाभर मी तेवढाच विचार करत होते.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. तुम्हाला तसं वाटेल, म्हणून आधीच सांगते. कारण नव्हतं ते. एवढ्यावरून कुणी असं करतं का?

आमच्या वर्गात अनंता होता. कराडकडचा. फळ्यावर सुंदर अक्षर काढायचा, गोदाकाकूंचा आवाज तर असा काढायचा की गुरुजीसुद्धा तोंड फिरवून हसायचे. तोही दर शुक्रवारी वसतिगृहात जिना ऐकायचा. शनिवारी सकाळी तो आणि कमळ कालच्या भागातलं बोलून दाखवायचे — एक वाक्य त्यानं, एक तिनं. आम्ही सगळे भोवती उभे. मग ते दोघं वर्ग सुटल्यावर बोलत थांबायला लागले. मग एकदा मी त्यांना टेकडीवर चार भिंतींच्या स्मारकाकडं जाताना पाहिलं. संध्याकाळी निम्मा सातारा तिथं फिरायला जातो, त्यात काही नव्हतं. तरी मी खालच्या वळणावर थांबून बघत राहिले. आठवड्यानं पुन्हा पाहिलं. दोनदा. मी त्यांना फक्त दोनदा पाहिलं होतं.

कमळ खोलीत काही बोलली नाही. हे मला फार लागलं. मला अनंता हवा होता का? खरंच सांगते — नाही. मी त्याचा तसा विचारही केला नव्हता. पण त्या दोघांचा जिना सुरू झालाय आणि मला तिथं बोलावलेलं नाही, मी भिंतीला कान लावणारी — हे मला सहन होत नव्हतं.

परीक्षा तोंडावर आली होती. रविवार होता. पुष्पा बाजारात जायला निघाली ती चौकातूनच परत आली, बरोबर शिवादादा. सुट्टीवर आलेला, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. स्टँडवरून येताना पुष्पा भेटली म्हणून ती त्याला घरापर्यंत घेऊन आली होती. त्याला जिन्याशी सोडून ती पुन्हा बाजारात गेली. तो काही वर आला नाही, मुलींची खोली म्हणून खालच्या पायरीवरच बसला. मी चहा घेऊन गेले. शिंप्याचं दुकान बंद होतं. आम्ही दोघंच.

"कमळ कुटं गेली, बाय?" त्यानं विचारलं. सहज विचारलं. चहा बशीत ओतत होता. बहिणीवर जीव होता त्याचा, हे मला दिसत होतं.

मी काहीही म्हणू शकले असते. वाचनालयात, म्हणता आलं असतं. माहीत नाही, म्हणता आलं असतं — आणि ते खरं होतं, कारण त्या दिवशी ती कुठं गेली होती हे मला खरंच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "चार भिंतींकडं गेली असंल. अनंता कांबळेबरोबर. रोजच जातात."

झालं. एवढंच वाक्य. यात 'रोजच' खोटं होतं, ते मी बोलता बोलता घातलं. पण ते खोटं एक वेळ ठेवा बाजूला. मला अजून डाचतं ते दुसरंच. नुसतं अनंता म्हटलं असतं तरी भाऊ चिडला असता, बोलला असता, बहिणीला दोन शब्द सुनावले असते. मी आडनाव घातलं. वर्गात त्याला कुणी कधी आडनावानं हाक मारलेली नव्हती, मीही नाही. कमळचं घर म्हसवडमधलं मोठं मराठ्याचं. अनंताच्या वडिलांनी बौद्ध धर्म घेतलेला. ते आडनाव उच्चारलं की शिवादादाला पुढं काही विचारावंच लागणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी मी. मला ठाऊक नसेल तर कुणाला? जिन्यातल्या त्या चौघांना आडनावंच नव्हती. कधी ऐकू आली नाहीत. बहुतेक म्हणूनच ते तिथं बसू शकत होते.

शिवादादानं बशी खाली ठेवली. "कांबळे?" एवढंच म्हणाला. मी मान हलवली.

कमळ तासाभरात आली. वाचनालयातूनच आली होती, हातात पुस्तकं होती. तो तिच्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "सामान भर. तीनची गाडी हाय," म्हणाला. ती म्हणाली, दादा, पंधरा दिवसांवर परीक्षा आलीय. तो म्हणाला, "न्हाई द्यायची आता." तिनं विचारलं, कुणी काय सांगितलं तुला? तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

वर खोलीत ती ट्रंक भरत होती आणि मी तिच्या साड्यांच्या घड्या घालत होते. माझ्या घड्या अगदी सरळ बसत होत्या. ती एकदम थांबली. "पुष्पीबरबर आला न्हवं दादा? शिंपीणकाकूंनी चौकात बगितलं, त्या म्हणाल्या. तिच्याच पोटात राहत न्हाई काई. पुष्पीच बोलली ना गं?"

मी घडी घालत राहिले. नाही म्हणाले नाही, हो म्हणाले नाही. फक्त खाली बघितलं — एखादं माणूस दुसऱ्याची चूक झाकताना बघतं ना, तसं. मला ते छान जमलं.

ट्रान्झिस्टर शिवादादानं खोलीतच ठेवायला लावला. पुढचे दोन शुक्रवार आम्ही तो लावला नाही. तिसऱ्या शुक्रवारी मी लावला. हो, लावला. पुष्पा तोंडावर पांघरूण घेऊन पडली होती आणि मी आवाज बारीक करून ऐकला.

पुष्पाचे फार हाल झाले. कमळनं जाताना तिच्याशी शब्द काढला नव्हता, आणि वर्गात गोष्ट पसरायला किती वेळ लागतो? मुली तिच्याशेजारी बसेनात. ती रडून रडून सांगायची, मी फक्त घर दाखवलं, आईशपथ दुसरं काही बोलले नाही. मला म्हणाली, "तू तरी विश्वास ठेव." मी म्हटलं, "ठेवते गं." ऐकणाऱ्याला वाटावं, बिचारी मन मोठं करून म्हणतेय.

अनंता परीक्षेला आला तेव्हा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. सायकलवरून पडलो म्हणाला. खरंच पडला असेल. नसेलही. कुणी विचारलं नाही, मी तर नाहीच. त्याचं ते वर्ष गेलं. एकदा व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन त्यानं हळूच विचारलं, "कमळचं काही कळलं का?" मी त्याच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. त्याला माझ्याबद्दल काही कळलंय का, ते शोधत होते मी. त्याला काही कळलेलं नव्हतं. मी नाही म्हटलं, आणि मला हायसं वाटलं.

कमळचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं, आटपाडीकडं. मला नोकरी लागली, मी चौतीस-पस्तीस वर्षं शिकवलं. खोटं बोलू नये, हेही शिकवलं.

मध्ये कितीतरी वर्षांनी इस्लामपूरला एका लग्नात कमळ भेटली. जाड झालेली, केस पिकलेले, हसणं तेच. मला मिठी मारली तिनं भर मांडवात. मला वाटलं, आता विचारणार. पण ती दुःखी वगैरे दिसत नव्हती. डाळिंबांची बाग, दोन मुलं. मग पंगतीत शेजारी बसल्यावर हळू आवाजात म्हणाली, "आमचं काई ठरलंसुदीक नव्हतं गं. नुसतं हसायचो आमी. एवढं हसायला पुन्यांदा कवा मिळालंच न्हाई." आणि पुष्पाचा विषय निघाला तसा तिचा चेहरा आवळला. पुष्पानं मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली होती, कमळनं ती उघडलीसुद्धा नव्हती. "तिचं नाव काडू नको. तू तेवडी खरी मैत्रीण. त्या दिवशी तूच माझ्या साड्या भरल्यास." मी जेवत होते. जेवतच राहिले. मला वाटतं, मी तिच्या पानात जिलबीही वाढायला लावली.

गेल्या हिवाळ्यात पुष्पा गेली. फलटणला मी भेटायला गेले. तिच्या मुलीनं मला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं, चहा केला. म्हणाली, "मावशी, आई शेवटपर्यंत तुमचं नाव काढायची. म्हणायची, सगळ्यांनी पाठ फिरवली, पण शैलानं विश्वास ठेवला." मी कपाकडं बघत होते. मुलीनं विचारलं, आणि तिच्या विचारण्यात काही डाव नव्हता, मी ते नीट तपासून घेतलं — "तुम्हाला एवढी खात्री कशी होती हो, आईनं सांगितलं नव्हतं याची?"

मी म्हटलं, "माझी मैत्रीण होती ती."

तिनं डोळे पुसले. मी चहा संपवला आणि चारची गाडी धरून परत आले. कमळचा नंबर माझ्याकडं आहे. पुष्पा गेल्याचंही तिला अजून कुणी कळवलेलं नसेल. मी फोन केलेला नाही.