अंगात येणारी देवी आणि डोक्यातली गाठ

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली. डाव्या कानाच्या वर, आतल्या बाजूला, लिंबाएवढी गाठ दिसत होती. हळू वाढणारी आहे, मोठ्या माणसांत क्वचितच सापडते, असं ते शांतपणे समजावत होते. मग म्हणाले, तुम्हाला जे होतं ती मिरगी आहे. गाठीपेक्षा या एका शब्दाचाच मला जास्त राग आला, कारण गांधीबागेतल्या आमच्या भजनी मंडळात तीन वर्षं सगळ्या जणी त्याला देवी म्हणत होत्या.

मंगळवारच्या भजनात मी पुढे गायचे. आरती रंगात आली की पोटातून काहीतरी वर चढायचं, नजर थिजायची, ओठ पुटपुटायला लागायचे आणि पुढचं मला काहीच आठवायचं नाही. भानावर येई तेव्हा कपाळभर कुंकू आणि पायाशी वाकलेल्या बायका. शेजारच्या काकूंनी तर माझ्या पुटपुटण्यावरून मुलीचं लग्न ठरवून टाकलं. पोरगी सुखात नांदतेय, म्हणून माझ्यावर सारवासारव करायची वेळ आली नाही.

ऑपरेशन करावं लागणार होतं, तेही मला जागं ठेवून. गाठ बोलण्याच्या जागेला लागून होती, वाचा जाण्याची भीती होती. न करावं तर गाठ वाढणार आणि झटकेही वाढणार. काकू म्हणाल्या, "देवीले कापून टाकशीन का वं?" मी हसण्यावारी नेलं, पण तो प्रश्न काही सुटेना. देवी येते हाच माझ्या भक्तीचा पुरावा होता. ती नुसती मिरगी असेल, तर देवी माझ्याकडे कधी आलीच नव्हती. मी नवऱ्याला सांगून टाकलं, ऑपरेशन नको.

तेच डॉक्टरांना सांगायला आम्ही दवाखान्यात बसलो होतो. बाजूला कामठीची एक बाई होती, माझ्याच वयाची. तिचीही अशीच गाठ कितीतरी वर्षांपूर्वी काढलेली. दरवर्षीसारखी तपासणीला आली होती. मधल्या काळात तिनं मुलीचं लग्न केलं, घर बांधलं, आणि बोलत तर अशी होती की थांबायचं नाव नाही. मी तिला माझी अडचण सांगितली. ती म्हणाली, "ताई, आमी बौद्ध. देवीचं मले काही मालूम नाही. पण एवढी मोठी देवी, तिले राहाले गाठच काहून लागते?"

तेवढ्यात तिचा नंबर आला आणि ती आत गेली. नावही विचारायचं राहिलं. आमचा नंबर आला तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं, करा ऑपरेशन.

डोकं बधिर केलेलं, मी टक्क जागी. छत्री, कुलूप, हत्ती अशी चित्रं ओळखायला लावली, मग म्हणाले, काहीतरी गा. मी आरती धरली. मध्येच आवाज बंद पडला. ओळ मनात स्वच्छ होती, जीभ हलेना. माझी वाचा गेली असंच मला वाटलं आणि मी फार घाबरले. मनात म्हटलं, आई, आवाज तुझाच, नेलास तरी तुझ्याकडेच जाईल. बोलण्याची जागा शोधायला मेंदूला टेकवलेली विजेची सळई डॉक्टरांनी उचलली आणि ते म्हणाले, "या जागेला हात लावायचा नाही." आणि क्षणात तुटलेली ओळ तोंडातून बाहेर पडली.

गाठ जवळजवळ पूर्ण निघाली. अगदी सौम्य प्रकारची ठरली, रेडिएशनचा शेकही द्यावा लागला नाही. आज सहा वर्षं झाली, ती परत आलेली नाही. झटका एकही नाही, गोळ्याही कमी होत आल्यात. त्या कामठीच्या बाईला मी दरवर्षी तपासणीला गेले की शोधते. कोणी पाठवलं होतं तिला, या वादात मी पडत नाही. हात जोडते, एवढंच.

पण ऑपरेशननंतर मी भजनाला गेले तो पहिला मंगळवार सांगायलाच हवा. बायका कुंकवाचं ताट घेऊन माझ्याकडे टक लावून बसलेल्या. आरती चढत गेली, मी गातच राहिले. शेवटचं कडवं आलं. तीन वर्षांत ते माझ्या कानांवर पडलंच नव्हतं. मी ते खुल्या गळ्यानं म्हटलं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि समोरच्या तसबिरीतली देवी मला पहिल्यांदा नीट दिसत होती.

काकू हिरमुसल्या. "आज नाही आली का वं देवी?"

"आली ना काकू," मी म्हटलं. "पहिले ते येत होती, तवा मी राहत नव्हती. आज आमी दोघीबी होतो."